इंजिन आधी तापवावे का? धानोऱ्याची थंडी आणि विमानवाल्यांची रीत

पंपाचा स्टोव्ह ज्यांनी पेटवला आहे त्यांना या लेखाचा निम्मा विषय आधीच ठाऊक आहे. बर्नरखालच्या वाटीत काकडा पेटवायचा, बर्नर चांगला तापू द्यायचा आणि मगच पंप मारायचा. घाई केली की पिवळा भडका, काळा धूर आणि भांड्याच्या बुडाला काजळी. याचे कारण साधे आहे. रॉकेल जळत नाही, रॉकेलची वाफ जळते, आणि थंड बर्नरमध्ये वाफ होत नाही. यंत्र चालू होण्याआधी त्याला बाहेरून ऊब द्यावी लागते, ही गोष्ट आपल्या आजीला गॅरेजात न जाता माहीत होती.

इंजिनाचेही असेच असते का? धानोरा तालुक्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे फिरले तर बहुतेकांचे उत्तर ‘हो’ असेच दिसते. उघड्यावर उभ्या ट्रॅक्टरच्या पोटाखाली तणसाचा किंवा गोवऱ्यांचा जाळ पेटलेला असतो, आणि मालक बाजूला हात शेकत उभा असतो. विचारले तर सांगतो, “भाऊ, जाळ नाही लावला तर चालूच नाही होत जी.” त्याचा अनुभव खोटा नाही. पण जाळाने नेमके काय होते, कशाला ऊब मिळते आणि कशाला चटका बसतो, हे तपासल्याशिवाय ती रीत चांगली की वाईट ते ठरवता येणार नाही.

आमच्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगटाची एक रीत घालून दिली आहे. एक प्रश्न घ्यायचा, सगळ्यांनी बसून तो उलटसुलट तपासायचा आणि मग निर्णय करायचा. मी इंजिनीअर नाही. इंजिने मी गॅरेजात उभे राहून, उत्पादकांची माहितीपुस्तके वाचून आणि वहीत हिशेब मांडून शिकलो. ती अभ्यासगटाची रीत मी या एका प्रश्नाला लावून पाहिली. तपासताना सर्वांत जास्त मदत झाली ती ज्यांचा धानोऱ्याशी काही संबंध नाही अशा लोकांची, म्हणजे छोटी विमाने उडवणाऱ्यांची. कारण थंडीतल्या इंजिनाचा विचार त्यांच्याइतका बारकाईने दुसऱ्या कोणी केलेला नाही. जमिनीवर बंद पडलेले इंजिन ढकलता येते, हवेतले येत नाही.

विमानवाले काय करत आले

अलास्कामध्ये विमाने पोहोचली तेव्हा हा प्रश्न पहिल्याच हिवाळ्यात उभा राहिला. बेन आयल्सन या वैमानिकाने फेब्रुवारी १९२४ मध्ये फेअरबँक्सहून मॅकग्रा या वस्तीला विमानाने टपाल नेले. त्या भागात हिवाळ्यात पारा शून्याखाली ३०-४० अंश जातो. तिथल्या वैमानिकांची रोजची रीत अशी ठरून गेली: संध्याकाळी उतरले की इंजिन गरम असतानाच त्यातले सगळे तेल डब्यात काढायचे, तो डबा घरात चुलीजवळ ठेवायचा, पहाटे इंजिनावर जाड कापडाचा तंबू टाकायचा, त्याखाली ज्योतीचा बंब पेटवून तास-दीड तास राखण करत बसायचे, आणि शेवटी गरम तेल परत ओतून लगेच इंजिन फिरवायचे. त्या बंबापाशी आग विझवण्याचे साहित्य घेऊन कोणीतरी बसलेच पाहिजे, असा दंडक होता. कारण कापड, पेट्रोल आणि ज्योत एकाच तंबूत होते.

दुसऱ्या महायुद्धात आणखी एक युक्ती निघाली. इंजिन बंद करण्यापूर्वी तेलात मोजून पेट्रोल सोडायचे. तेल पातळ होते, त्यामुळे सकाळी इंजिन सहज फिरते, आणि ते तापले की पेट्रोल उडून जाते. आज या दोन्ही रीती मागे पडल्या. आता तेलाच्या टाकीच्या बुडाला आणि सिलिंडरना विजेच्या छोट्या तापकपट्ट्या लावतात, वरून गादीसारखे आवरण घालतात आणि काही तास हळूहळू ऊब देतात. किंवा दोन नळ्यांतून गरम हवा आवरणाखाली सोडतात.

हे कधी करायचे, याचेही आकडे ठरलेले आहेत. जगातल्या बहुतांश छोट्या विमानांत लायकमिंग आणि कॉन्टिनेन्टल या दोन अमेरिकी कंपन्यांची इंजिने असतात. लायकमिंगचा सल्ला असा की बहुतेक इंजिनांना उणे १२ अंश सेल्सिअसच्या खाली, आणि काही ठरावीक इंजिनांना उणे ७ च्या खाली, आधी तापवल्याशिवाय चालू करू नये. कॉन्टिनेन्टलची सीमाही उणे ७ च्या आसपासच आहे.

आता विदर्भाकडे या. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंशांवर उतरले, तेव्हा तो तिथला विक्रम ठरला. नागपूर फ्लाइंग क्लबच्या सेस्ना १५२ विमानांत लायकमिंगचेच इंजिन असते. म्हणजे विदर्भातल्या सर्वांत थंड पहाटेलाही आपण विमानवाल्यांच्या त्या रेषेच्या दहा-पंधरा अंश वर असतो. मग धानोऱ्यात, जिथे थंडीच्या पहाटे पारा आठ-दहा अंशांवर येतो, तिथे जाळाची गरज का भासावी? उत्तरासाठी थंडी इंजिनात कुठे कुठे शिरते ते एकेक करून पाहावे लागेल.

थंडीची चार दारे

पहिले दार तेलाचे. मोहाच्या बियांचे तेल थंडीत तुपासारखे गोठते, खोबरेल बाटलीत घट्ट बसते, हे आपण दरवर्षी पाहतो. इंजिनाचे तेल तसे गोठत नाही, पण घट्ट होते. नेहमीचे १५डब्ल्यू-४० तेल घ्या. त्याची घट्टता शंभर अंशांना सुमारे १४ एकक असते आणि चाळीस अंशांना १०५ ते ११० एकक. याच दोन आकड्यांवरून खालच्या तापमानाचा हिशेब काढता येतो. तो केला तर २५ अंशांना सुमारे २३५ आणि १० अंशांना सुमारे ६०० येतात. म्हणजे धानोऱ्याच्या पहाटे तेल दुपारच्या तुलनेत अडीचपट आणि चालत्या इंजिनातल्या तेलाच्या तुलनेत चाळीसपट घट्ट असते. ते फिरवायला स्टार्टरला जास्त जोर लागतो, आणि पंपाने ढकललेले तेल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते.

इथे त्या ‘डब्ल्यू’चा अर्थ सांगायला हवा, कारण दुकानात अनेकजण त्याचा अर्थ ‘वजन’ असा लावतात. तो ‘विंटर’ म्हणजे हिवाळ्याचा डब्ल्यू आहे. १५डब्ल्यू म्हणजे उणे २० अंशांनाही इंजिन फिरवता येईल इतके पातळ राहणारे तेल, आणि पुढचे ४० म्हणजे तापल्यावरची घट्टता. नुसते ‘४०’ लिहिलेल्या तेलाला हिवाळ्याची कोणतीही हमी नसते.

दुसरे दार धातूचे. विमानाच्या इंजिनाचे कवच अॅल्युमिनियमचे आणि आत फिरणारा क्रँकशाफ्ट पोलादाचा असतो. तापमान एक अंशाने उतरले तर अॅल्युमिनियम मीटरमागे २३ मायक्रॉन आकसते, पोलाद सुमारे १२. समजा बेअरिंगचा व्यास ६० मिलिमीटर आहे आणि तापमान २५ वरून उणे २५ वर, म्हणजे ५० अंशांनी उतरले. दोघांच्या आकसण्यातला फरक ०.०३३ मिलिमीटर येतो. बेअरिंगमधली फटच ०.०५ ते ०.०८ मिलिमीटर धरली, तर तिचा निम्मा वाटा कवचाने गिळला. त्या अरुंद फटीत मधासारखे तेल शिरणार कसे? विमानवाले चालू होऊ शकणारे इंजिनसुद्धा आधी का तापवतात, त्याचे खरे उत्तर इथे आहे.

पण ट्रॅक्टरचे तसे नाही. त्याचे ब्लॉक बिडाचे असते. बीड आणि पोलाद जवळजवळ सारखेच आकसतात, त्यामुळे फट जवळपास तेवढीच राहते. हे दार धानोऱ्यात बंदच आहे असे समजायला हरकत नाही.

तिसरे दार इंधन पेटण्याचे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, पण पेट्रोलची वाफ व्हावी लागते. थंड सिलिंडरमध्ये ते थेंबांच्या रूपात राहते, भिंतीवरचे तेल धुऊन टाकते, आणि विनाकारण पुन्हा पुन्हा प्रयत्न केला तर प्लग ओले होतात. कडाक्याच्या थंडीत आणखी एक गंमत होते. इंजिन दोन-चार ठोके देऊन बंद पडले, तर जळणातून तयार झालेली पाण्याची वाफ प्लगच्या टोकांवर बर्फ होऊन बसते. मग कितीही ठिणग्या मारा, इंजिन तापवल्याशिवाय गत्यंतर नाही.

डिझेलमध्ये ठिणगीच नाही. हवा दाबून दाबून इतकी तापवायची की फवारलेले डिझेल आपोआप पेटावे. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्गला यशस्वी ठरले ते याच तत्त्वावर. आता हिशेब पाहा. हवा सतरापट दाबली आणि तिची उष्णता कुठेही गेली नाही असे धरले, तर ३० अंशांची हवा दाबल्यावर सुमारे ६७० अंशांवर जाते. तीच हवा ८ अंशांना आत घेतली तर सुमारे ६०० वर. बाहेरचा २२ अंशांचा फरक आत ६८ अंशांचा झाला, म्हणजे तिप्पट. हे झाले कागदावरचे. प्रत्यक्षात थंड भिंती उष्णता ओढून घेतात आणि झिजलेल्या रिंगांतून हवा निसटते. इंजिन हळू फिरत असेल तर या दोन्हींना वेळ जास्त मिळतो. म्हणून नवे इंजिन आठ अंशांना एका हाकेत उठते, आणि जुने, रिंग झिजलेले इंजिन तेवढ्याच थंडीत पांढरा धूर टाकत राहते. तो पांढरा धूर म्हणजे न पेटलेल्या डिझेलची वाफ.

चौथे दार बॅटरीचे. शिशाच्या बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. २७ अंशांना जी बॅटरी पूर्ण जोर देते, ती शून्य अंशाला सुमारे दोन-तृतीयांशच जोर देते. तेल घट्ट झाल्याने जोर जास्त लागतो, आणि नेमका त्याच वेळी तो कमी मिळतो. स्टार्टर हळू फिरतो, आणि हळू फिरले की तिसऱ्या दारातला तोटा वाढतो. ही दारे अशी एकमेकांत उघडतात.

एवढे मांडल्यावर धानोऱ्यातला प्रश्न नेमका होतो. आपल्याकडची थंडी इंजिन मोडण्याइतकी नाही. ती फक्त इंजिनातले आधीचे दोष उघडे पाडण्याइतकी आहे: अर्धी बॅटरी, झिजलेल्या रिंगा, चुकीचे तेल, आणि ज्याच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही ते शिळे डिझेल.

डब्यातले उन्हाळी डिझेल

डिझेलमध्ये मेणाचा अंश असतो. थंडीत ते मेण स्फटिक होऊन वेगळे होऊ लागते आणि सर्वांत आधी फिल्टर चोंदतो. म्हणून भारतीय मानक १४६० मध्ये हिवाळ्याच्या आणि उन्हाळ्याच्या डिझेलसाठी वेगळ्या मर्यादा आहेत. फिल्टरमधून डिझेल वाहणे ज्या तापमानाला थांबू शकते, ते हिवाळी डिझेलसाठी ६ अंशांपेक्षा जास्त असता कामा नये, तर उन्हाळी डिझेलसाठी १८ अंशांपर्यंत चालते.

हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत, प्रत्यक्ष डिझेल याहून चांगले असू शकते. तरी त्यातला इशारा आपल्या भागासाठी महत्त्वाचा आहे. मुरूमगावच्या पलीकडच्या किंवा आतल्या टोल्यांतल्या माणसाला पंप दूर पडतो. तो एकदम डबे, ड्रम भरून आणतो. मे-जूनमध्ये आणलेले डिझेल डिसेंबरपर्यंत पुरवले, तर १८ अंशांपर्यंत हमी असलेले इंधन तो ८ अंशांना वापरतो आहे. इंजिन दोन मिनिटे चालून बंद पडले आणि दुपारी उन्हात आपोआप नीट चालू लागले, तर आधी फिल्टर आणि डिझेलचे वय तपासावे. मेण वितळले की पुरावाही नाहीसा होतो, त्यामुळे हा दोष मेकॅनिकला सापडत नाही.

लडाखमध्ये हाच प्रश्न टोकाला जातो. तिथे इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल आणले, ते पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार होते. आपल्याला तेवढ्याची गरज नाही. थंडी सुरू झाल्यावर पंपावरून ताजे डिझेल आणणे एवढेच पुरे. त्यात रॉकेल मिसळण्याचा जुना उपाय मात्र टाळावा. डिझेलचा पंप डिझेलच्याच ओशटपणावर चालतो, रॉकेलने तो कोरडा घासतो.

जाळाचा हिशेब

आता ट्रॅक्टरखालच्या त्या जाळाकडे वळू. तीनशे किलोचे बिडाचे इंजिन २० अंशांनी तापवायला किती उष्णता लागते? बिडाची उष्णताधारकता धरून हिशेब केला तर सुमारे २७६० किलोज्यूल, म्हणजे विजेचे पाऊण युनिट. किलोभर सुक्या तणसात सुमारे १४ हजार किलोज्यूल असतात. म्हणजे पाव किलोपेक्षा कमी तणसात सगळे इंजिन तापवण्याइतकी उष्णता आहे. लोक मात्र भारा भारा जाळतात आणि तरी सिलिंडरचा माथा गारच राहतो.

याचा अर्थ उष्णतेची कमतरता नाही. कमतरता आहे ती वेळेची आणि वाटेची. जाळाची बहुतेक उष्णता वाऱ्यावर जाते. उरलेली तेलाच्या टाकीच्या पातळ पत्र्यावर एका जागी आदळते. तिथले तेल करपते, तर वरच्या बेअरिंगांना आणि सिलिंडरना पत्ताही नसतो. वाटेत डिझेलच्या रबरी नळ्या, वायरिंग, तेलाने माखलेली घाण आणि सील असतात. जाळामुळे टाकीतले तेल पातळ होते, स्टार्टरला थोडा हलकेपणा येतो आणि गाडी चालू होते, हे खरे. पण ज्या भागाला ऊब हवी होती, तो बराचसा तसाच राहतो.

विमानवाल्यांनीही हा धडा असाच घेतला. गरम हवा नुसती सिलिंडरवर पाच मिनिटे मारली तर इंजिन सहज चालू होते, पण आतला क्रँकशाफ्ट आणि तेल अजून गारच असतात, आणि नुकसान तेव्हाच होते. म्हणून ते सावकाश आणि सर्व बाजूंनी तापवतात. इंजिन चालू होणे आणि इंजिन कामाला तयार असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या सगळ्या नियमांचे सार आहे.

मुंबईची आरोही पंडित हिने मे २०१९ मध्ये ‘माही’ नावाच्या छोट्याशा विमानातून स्कॉटलंड, आइसलंड, ग्रीनलंड असे टप्पे घेत एकटीने अटलांटिक ओलांडला आणि कॅनडातल्या इकालुइटला ती उतरली. त्या विमानात रोटॅक्स ९१२ हे इंजिन होते. या इंजिनाच्या माहितीपुस्तकात स्पष्ट लिहिलेले असते की चालू केल्यावर आधी कमी वेगाने, मग थोड्या जास्त वेगाने चालवा, आणि तेल ५० अंशांवर पोहोचल्याशिवाय उड्डाण करू नका. काट्याने ५० दाखवेपर्यंत वैमानिक धावपट्टीकडे जात नाही. आपल्याकडे मात्र ट्रॅक्टर चालू झाल्याबरोबर अॅक्सिलरेटर दाबून घुर्र करण्याची सवय आहे. ‘जाग येऊ दे’ म्हणतात. टर्बो असलेल्या गाड्यांत तर तेल पोहोचण्याआधीच टर्बोची दांडी हजारो फेऱ्यांनी फिरू लागते. पहिल्या तीस सेकंदांचा तो जोर पुढच्या दुरुस्तीच्या बिलात दिसतो.

कोणी विचारेल, मग निवडणुकीत मतदान पथके घेऊन येणारी किंवा पोलिसांची हेलिकॉप्टरे पहाटे एका झटक्यात कशी उठतात? त्यांत टर्बाइन असते. त्यात पिस्टन, रिंगा, दाबाने पेटणे हे काहीच नाही. बेअरिंगे गोळ्यांची आणि रोलरची, तेल कृत्रिम आणि थंडीतही पातळ राहणारे. तिथे काळजी मुख्यतः बॅटरीची असते.

जुन्या कारागिरांचे शहाणपण

आधी तापवून चालू करायची इंजिने एके काळी शेतातही होती. १८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये हॉर्न्सबी कंपनीने अॅक्रॉइड स्टुअर्ट यांच्या रचनेची इंजिने बनवली, आणि १९२१ मध्ये जर्मनीच्या लान्झ कंपनीचा बुलडॉग ट्रॅक्टर आला. त्यांच्या माथ्यावर एक पोकळ बोंडी असे. ती ब्लो लॅम्पने काही मिनिटे लाल होईपर्यंत तापवायची, मग चाक फिरवायचे. तिथे ज्योत बरोबर हवी त्या जागी लागे, आणि ती जागा त्यासाठीच घडवलेली असे. ट्रॅक्टरखालच्या जाळात हेच नाही.

किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्ये पुण्याच्या खडकीला सुरू झाली, आणि एका सिलिंडरची, हँडल मारून चालू होणारी डिझेल इंजिने महाराष्ट्राच्या विहिरी-नाल्यांवर पोहोचली. अशा इंजिनांवर जुन्या माणसांच्या तीन युक्त्या मी पाहिल्या आहेत, आणि तिन्ही हिशेबाला उतरतात. पहिली, डिकॉम्प्रेशनचा दांडा उचलून हँडल मारायचे आणि चाकाने वेग घेतला की तो सोडायचा. यात वेगाची अडचण सुटते. दुसरी, हवेच्या वाटेने चमचाभर इंजिन तेल सोडायचे. ते रिंगांभोवतीची गळती थोडा वेळ बुजवते. चमच्याऐवजी वाटी मात्र नको. तेल दाबले जात नाही, दांडा वाकतो. तिसरी, थंड पाणी काढून कोमट पाणी भरायचे. यात सिलिंडरची भिंतच तापते, म्हणजे ऊब बरोबर हव्या त्या जागी पोहोचते. पाणी हाताला सोसेल त्याहून थोडे गरम असावे. उकळते पाणी गार बिडावर ओतले तर माथा तडकू शकतो.

या हंगामासाठी

हा अंक हातात पडेल तेव्हा हलके धान कापणीला आलेले असेल. पुढे पुंजणे रचले जातील आणि थंडी भरात असताना चुरणी सुरू होईल. डिसेंबरात अवकाळीचे ढग आले की एकेक सकाळ मोलाची असते. थ्रेशर तासाने भाड्याचा असतो, मजूर येऊन बसलेले असतात, आणि त्या दडपणाखालीच माणूस पुंजण्यापासून दहा हातांवर तणस पेटवतो. वर्षाचे पीक आणि लाखोंचे यंत्र एका ठिणगीच्या अंतरावर येते. दुसरा प्रसंग याहून कठीण. आतल्या टोल्यावरून रात्री तीनला बाळंतपणाची बाई धानोऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात न्यायची आहे, आणि अंगणातली जीप उठत नाही. तिथे जाळ लावून वाट पाहायला अर्धा तास नसतो. म्हणून उपाय पहाटेचे नकोत, आदल्या संध्याकाळचे हवेत.

संध्याकाळी इंजिन गरम असतानाच बॉनेटवर आणि पुढच्या जाळीवर बारदान किंवा जुनी गोधडी टाकावी. गरम भाग तपासून घ्यावा, आणि पहाटे चालू करण्याआधी ती न विसरता काढावी. गाडी मांडवाखाली उभी करावी. निरभ्र रात्री उघड्या आकाशाखाली पत्रा भोवतीच्या हवेहूनही गार होतो, म्हणून तर त्याच्यावर दव पडते. नुसता गवताचा मांडवही ही उष्णता अडवतो. वीज असेल तर तेलाच्या टाकीखाली जाळीतला शंभर वॅटचा साधा पिवळा बल्ब रात्रभर ठेवावा. दहा तासांत एक युनिट वीज जाते, आणि इंजिनाला लागणारी उष्णता पाऊण युनिट आहे हे आपण वर पाहिले. सगळी ऊब इंजिनात जात नाही, पण वर गोधडी असेल तर फरक पडतो. बल्ब कापडाला किंवा तेलाला टेकता कामा नये. बंद खोलीत शेगडी ठेवून गाडी तापवण्याचा प्रकार मात्र कोणीही करू नये. कोळशाचा विषारी वायू झोपलेल्या माणसाला उठू देत नाही.

हिवाळ्यापूर्वी बॅटरीची टर्मिनले घासून घट्ट करावीत, फिल्टरमधले पाणी काढावे, आणि तेल बदलताना माहितीपुस्तकात परवानगी असेल तर नुसत्या ‘४०’ ऐवजी १५डब्ल्यू-४० भरावे. विमानवालेही असेच करतात. लायकमिंगच्या तक्त्यात जाड एसएई ५० तेल सुमारे १५ अंशांच्या वरच्या हवेसाठी आहे, त्याखाली ४० किंवा बहुश्रेणी तेल. म्हणजे त्यांच्या तापवण्याच्या नियमाची आपल्याला गरज पडत नाही, पण तेलाचा नियम आपल्याला लागू आहे.

पहाटे ग्लो प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबावे, गरज पडली तर दोनदा. ज्या इंजिनात ग्लो प्लग किंवा हवा तापवणारी तार आहे, त्यात ईथरचा फवारा कधीही मारू नये. तापलेल्या तारेवर तो आतच फुटतो. स्टार्टर दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त दाबू नये, मग मिनिटभर थांबावे. तेवढ्यात बॅटरीही थोडी सावरते. चालू झाल्यावर तेलाच्या दाबाचा दिवा विझला का पाहावे, मिनिट-दोन मिनिटे मंद चालू द्यावे आणि मग हलक्या कामाला लावावे. अर्धा तास नुसते उभे ठेवूनही इंजिन तापत नाही, ते हलक्या कामाने तापते.

आणि हे सगळे करूनही आठ अंशांना जाळाशिवाय उठत नसेल, तर तो दोष थंडीचा नाही. रिंगा, इंजेक्टर किंवा बॅटरी यांपैकी कोणीतरी निरोप देत आहे. तो निरोप चुरणी सुरू होण्याआधी, दुपारच्या उन्हात, मेकॅनिकला ऐकवावा.